पेशींतील ग्लुटाथायोन का वाढले, हे प्रयोगाने कसे ठरवावे

एखादा पदार्थ दिल्यावर पेशींतील ग्लुटाथायोन (पेशीला ऑक्सिडीकरणाच्या इजेपासून वाचवणारा छोटा रेणू) वाढले, एवढे मोजून थांबू नये. पेशीने ते तयार करणारा विकर (एन्झाइम) नव्याने बनवला की असलेलाच अधिक वेगाने चालला, हे वेगळे काढावे लागते. वेग ठरवणारा विकर म्हणजे ग्लुटामेट-सिस्टीन लायगेज. त्यावर खुद्द ग्लुटाथायोनचाच लगाम असतो: साठा भरला की तो मंदावतो, घटला की मोकळा होतो. दुसरे नियंत्रण जनुकांचे आहे. एनआरएफ२ हे जनुके सक्रिय करणारे प्रथिन एरवी कीप१ या दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात असते आणि सतत प्रोटिओसोमकडे (पेशीतील प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेकडे) विघटनासाठी जाते. सल्फोराफेन (ब्रोकोलीसारख्या भाज्यांतून मिळणारे संयुग) कीप१ मधील सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडले गेले की हे विघटन थांबते, एनआरएफ२ केंद्रकात साठते आणि लायगेजच्या दोन्ही उपघटकांची जनुके अधिक सक्रिय होतात.

तपासणीसाठी हेपजी२ पेशी (मानवी यकृताच्या गाठीतून मिळवलेल्या) सोयीच्या आहेत. सल्फोराफेन ५ मायक्रोमोलर द्यावे, तुलनेच्या पेशींना तेवढेच डीएमएसओ (सल्फोराफेन ज्यात विरघळवतात तो द्रावक) द्यावे आणि पेशी जिवंत आहेत ना, हे आधी पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुन्यांची वेळ. एनआरएफ२ साठी २ ते ४ तासांनी, लायगेजच्या आरएनएसाठी ६ ते ८ तासांनी, तर लायगेज आणि ग्लुटाथायोन यांसाठी २४ तासांनी नमुने घ्यावेत. सल्फोराफेन स्वतःच ग्लुटाथायोनला चिकटून पेशीबाहेर जात असल्याने पहिल्या काही तासांत साठा घटलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून प्रयोग फसला असे मानू नये. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या पद्धतीत) एनआरएफ२ चा पट्टा गणितानुसार ६८ किलोडाल्टनजवळ हवा, पण प्रत्यक्षात तो ९५ ते ११० च्या दरम्यान येतो. खालचाच पट्टा खरा मानण्याचा मोह होतो, म्हणून एमजी१३२ दिलेल्या पेशींचा नमुना शेजारच्याच रांगेत चालवावा; ते प्रोटिओसोम रोखते, त्यामुळे एनआरएफ२ साठते आणि खरा पट्टा ठळक दिसतो.

ग्लुटाथायोनसाठी पेशी थंड ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात फोडाव्यात, डीटीएनबीची (ग्लुटाथायोनशी अभिक्रिया होऊन पिवळा रंग देणाऱ्या रसायनाची) अभिक्रिया ४१२ नॅनोमीटरवर मोजावी आणि आकडा प्रथिनाच्या प्रमाणात मांडावा.

आता कारण शोधता येते. लायगेज रोखणारे बीएसओ हे रसायन दिल्यावर वाढ नाहीशी झाली, तर ग्लुटाथायोन नव्याने बनत होते. मात्र ते जनुकांमुळे की कच्च्या मालामुळे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एनआरएफ२ चा आरएनए दाबून तोच प्रयोग पुन्हा करावा आणि एन-ॲसिटिलसिस्टीन (पेशीला सिस्टीन पुरवणारे संयुग) दिलेल्या पेशींचा वेगळा गट ठेवावा, कारण तिथे लायगेजचा आरएनए न वाढताही केवळ सिस्टीनचा पुरवठा सुधारल्याने साठा वाढू शकतो.