धुक्यातल्या कोकण किनाऱ्यावर मोटारहोम नेताना या चुका टाळा

डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोकण किनाऱ्यावर निवांत फिरण्याचे उत्तम दिवस, आणि पहाटेच्या धुक्याचेही हेच दिवस. नाशिककरांना धुके नवे नाही. द्राक्षबागेवर ते उतरले की भुरी-डावणी या रोगांच्या धास्तीने इथला बागाईतदार रात्र जागून काढतो, आणि त्याच सुमारास रत्नागिरीकडचा बागाईतदार आंब्याच्या मोहोराकडे चिंतेने पाहत असतो. तरीही मोटारहोमच्या, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, सहलीचे वेळापत्रक आखताना आपण धुक्याचा विचार सहसा करत नाही, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रात्री जेवून नाशिक सोडणे आणि उजाडता श्रीवर्धन गाठण्याचा हिशेब करणे. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो, हे खरे. पण माणगावपासून किनाऱ्याकडे उतरणारा वळणांचा, अरुंद रस्ता मग नेमका पहाटे, चालक थकलेला असताना वाट्याला येतो. त्यापेक्षा सकाळी निघून माणगावच्या आसपास मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर किनाऱ्याकडे वळावे. त्यानंतरही दिवसाला ८० ते १०० किलोमीटर पुरेसे आहेत.

निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्रावरून आणि खाडीवरून आलेली दमट हवा तिच्यालगत गार होते आणि जड होऊन सखल भागात साठते. त्यामुळे सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, लख्ख उजेड असतो, आणि तोच रस्ता खाडीवरच्या पुलाकडे उतरू लागला की दोन वळणांत समोरचे काही दिसेनासे होते. सड्यावरचा वेग घेऊन उतारावर जाणे म्हणूनच धोक्याचे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर; ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तीन-साडेतीन टनांचे हे वाहन २५ मीटर पुढे गेलेले असते. धुक्यात अप्पर लावू नये, कारण तो प्रकाश धुक्यावरून उलट डोळ्यांवर येतो. डिपर आणि असल्यास फॉगलॅम्प वापरावा. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची सवय अनेकांना आहे, परंतु मग आपण कोणत्या बाजूला वळणार आहोत हे मागच्याला कळतच नाही. थांबायचे ठरवलेच तर रस्त्याच्या कडेला न थांबता पेट्रोलपंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात गाडी पूर्णपणे आत घ्यावी.

फेरीबोट आणि तिथी

वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींमुळे मोठा वळसा वाचतो, पण मोटारहोमसाठी भरतीची वेळ पाहूनच धक्क्यावर जावे. किनाऱ्यावरचा जुना आडाखा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती बाराच्या सुमारास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या आगेमागे, ऐन धुक्यात. त्या वेळी धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळलेला उतार उघडा पडतो. पुढची चाके बोटीच्या फळीवर चढतात, मागची अजून उतारावर असतात आणि मागच्या चाकांपलीकडे लांबवर गेलेला गाडीचा भाग, त्याखालच्या सांडपाण्याच्या नळीसह, काँक्रीटला घासतो. अशा तिथींना पहिली फेरी सोडून द्यावी, हे माझे ठाम मत आहे. चढण्यापूर्वी गाडीची लांबी आणि वजन कर्मचाऱ्यांना सांगावे, गॅस सिलिंडर बंद करावा आणि एका माणसाला खाली उतरवून मागची बाजू पाहायला लावावे.

वाळूवर मोटारहोम उतरवू नये. ती रुतते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. शिवाय वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर याच हंगामात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. गाडीच्या दिव्यांमुळे पिल्ले समुद्राची दिशा चुकतात.

मुक्काम

न्याहारी-निवासाच्या आवारात परवानगी घेऊन उभे राहणे सर्वांत सोयीचे असते. मात्र माडाखाली गाडी लावू नये. वरून झावळी किंवा नारळ पडला तर टपावरचा सौरपट्टा (सोलर पॅनेल) फुटतो. वाडीतल्या गल्लीत शिरण्यापूर्वी आडव्या तारांची उंची पाहावी.

धुके सर्वाधिक त्रास देते ते गाडीच्या आत. थंडी वाजते म्हणून सर्व खिडक्या घट्ट लावून झोपले की चौघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात सुमारे लिटरभर पाणी हवेत मिसळते. एक किलो गॅस जळला की आणखी दीड किलो वाफ तयार होते. ही सारी वाफ गार काचांवर आणि पत्र्यावर जमते, ओघळून गादीखालच्या फळीत मुरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुबट वास येऊ लागतो. टपावरची झडप आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, सकाळी गादी उभी करावी आणि काचा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवणे जीवघेणे आहे, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीचा इशारा देणारे यंत्र छताला न लावता जमिनीलगत लावावे.

विजेचाही हिशेब आधी करावा. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मी, म्हणजे ६०० वॅट-तास वीजच वापरावी. त्यात दिवे, पंखा आणि छोटा फ्रीज कसाबसा भागतो. धुके विरेपर्यंत सौरपट्टा फारसे काही देत नाही. एसी लावायचा तर यजमानांकडे १५ अँपिअरचा आणि अर्थिंग असलेला प्लग आहे का, हे आधीच विचारावे. शौचालयाची टाकी खाडीत किंवा उघड्यावर रिकामी करू नये. यजमानांची सेप्टिक टाकी त्यांच्या संमतीनेच वापरावी.

नाशिकला परतल्यावर गाडी तशीच उभी करून ठेवली की खाऱ्या दमटपणाचे काम सुरूच राहते. दोन-तीन दिवसांच्या आत खालची बाजू, चाकांच्या कमानी आणि पायरीचे सांधे गोड्या पाण्याने धुऊन घ्यावेत, बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी आणि दारे-कपाटे उघडून एक पूर्ण दिवस गाडी उन्हात ठेवावी.