पोटशुळाचा घोडा आणि नळीतलं पाणी

आतड्याला पीळ पडला की पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात. धमन्या मात्र रक्त ढकलतच राहतात. आतडं जांभळं होतं, फुगतं आणि तांबड्या पेशी पोटात आतड्याभोवती असलेल्या पाण्यात पाझरतात. हे पाणी काढायला पाच मिनिटं पुरतात. ते नीट वाचायला धीर लागतो.

घोडा उभाच ठेवा, धडपडत असेल तर थोडं झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध. छातीच्या हाडाच्या टोकामागे पंजाभर अंतरावर, पोटाचा सगळ्यात खालचा भाग, मध्यापासून किंचित उजवीकडे. डावीकडे प्लीहा असते. केस काढून ऑपरेशनसारखं धुवा. १८ गेजची दीड इंची सुई फिरवत हळूहळू सरकवा. सिरिंज लावून ओढू नका, आपसूक ठिबकू द्या. जांभळ्या झाकणाची (रक्त गोठू न देणारी) एक आणि साधी एक, अशा दोन नळ्या भरा.

निरोगी पाणी गव्हाच्या काडीच्या रंगाचं, त्यातून पेपर वाचता येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोड्याचं आलं ते थेट कोकम सरबत. मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सुई शिरेला लागली असंल." शंका रास्त होती. सुईमुळे आलेलं रक्त रेघांसारखं दिसतं, पुढे पाणी निवळत जातं आणि साध्या नळीत ते बऱ्याचदा गोठतं. इथे पहिल्या थेंबापासून रंग एकसारखा, अर्ध्या तासानंतरही गाठ नाही. नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवली तेव्हा पेशी तळाशी बसल्या, वरचं पाणी तरी गुलाबीच. म्हणजे काही पेशी पोटातच फुटून हिमोग्लोबिन सुटलं होतं. (नळी जोरात हलवली किंवा उन्हात पडू दिली तरी असंच होतं, म्हणून लगेच फिरवा.) घोडा त्याच रात्री ऑपरेशनसाठी गाडीत चढवला.

नळीतलं रक्त मानेच्या शिरेतल्या रक्ताहून दाट असेल तर सुई प्लीहेत गेली. हिरवट, चाऱ्याचे कण असलेलं आलं तर बहुधा आतड्यात. तपकिरी आणि घाण वास म्हणजे आतडं कुजलंय. लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की ऊतींत वाढणारा पदार्थ) मोजायचं यंत्र असेल तर रक्त आणि पाणी दोन्ही तपासा. पाण्यातला आकडा रक्तातल्यापेक्षा वर असेल तर पिळाचा संशय बळावतो.

एकच फसवणूक लक्षात ठेवा. आतडं आतड्यात शिरलं असेल किंवा छातीच्या पडद्यातून वर गेलं असेल, तर लाल पाणी तिथेच अडकतं आणि नळीत स्वच्छ येतं. वेदनाशामक देऊनही घोडा पुन्हा लोळतोय, नाडी चढतेय, तर नळी कितीही पिवळी असो, गाडी बोलवा.