स्लीप स्टडी आणि मेडिक्लेम : या चुका टाळा

घोरण्याची तक्रार घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलं, की स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास, ऑक्सिजन वगैरे मोजणारी चाचणी) लिहून मिळते. घरात लगेच चर्चा सुरू होते ती मेडिक्लेमची. लॅब कशी आहे, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि पुढचा क्लेम पुष्कळदा तिथेच अडतो.

‘एक रात्र अ‍ॅडमिट व्हा, कॅशलेस करून देतो’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. निव्वळ तपासणीसाठी भरती झाल्यास खर्च मिळत नाही. पॉलिसीत हे कलम ‘एक्सक्ल ०४’ या कोडखाली सापडेल. ओपीडी कव्हर (भरती न होता होणारा खर्च देणारं) असेल तर बिल तिथे लावा. नंतर टॉन्सिलचं वा नाकाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याचा क्लेम मंजूर झाला, तर आधीच्या ठरावीक मुदतीतलं (सहसा ३० किंवा ६० दिवस) चाचणीचं बिल भरतीपूर्व खर्चात मागता येतं. म्हणून ते जपून ठेवा.

दुसरी चूक स्वस्तातल्या रिपोर्टची. घरी बांधून झोपायची बरीचशी यंत्रं मेंदूच्या लहरी टिपत नाहीत, त्यामुळे तुम्ही झोपलात कधी आणि कूस बदलत जागे होतात कधी, हे त्यांना कळत नाही. समजा, यंत्र ८ तास चालू होतं, झोप लागली ५ तास आणि श्वास ८० वेळा अडला. घरच्या रिपोर्टवर ताशी १० येईल, म्हणजे सौम्य. लॅबमध्ये तेच ८० भागिले ५, म्हणजे १६, मध्यम. ताशी ३० च्या पुढे तीव्र. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर सोबतच्या गंभीर आजारांत ‘तीव्र स्लीप अ‍ॅप्निया’ (झोपेत वारंवार श्वास अडण्याचा आजार) धरला जातो. तिथे हा आकडाच क्लेम तारतो किंवा बुडवतो.

लॅबला फोन करून विचारा : रात्रभर तंत्रज्ञ जागा असतो का, सुटलेली वायर पुन्हा लावायला? स्कोअरिंग (श्वास किती वेळा अडला याची मोजणी) माणूस तपासतो की सॉफ्टवेअरचा आकडा तसाच छापतात? श्वास अडला असं धरायला ऑक्सिजनच्या घसरणीचा निकष ३ टक्के की ४ टक्के? ४ टक्के धरले की आकडा खाली येतो. रिपोर्टवर एकूण झोप आणि उताणं झोपल्याचा वेळ हवाच. श्वास बहुधा उताणं झोपल्यावर जास्त अडतो, म्हणून अख्खी रात्र कुशीवर गेली असेल, तर आकडा फसवा असू शकतो. दारावरच्या एनएबीएचच्या (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी संस्था) पाटीवर जाऊ नका. ती रुग्णालयाची असते. रात्री त्या खोलीत कोण बसतं, हे ती सांगत नाही.

केस पेपरवर ‘१० वर्षांपासून घोरतात’ असं लिहिलेलं दिसलं, की टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) जुना आजार म्हणून बोट ठेवतो. पण व्याख्येप्रमाणे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, सल्ला वा उपचार दिलेला आजारच जुना. नुसतं घोरणं त्यात बसत नाही. निदान झालेलं असेल, तर मात्र प्रपोजल फॉर्मवर (पॉलिसी घेतानाच्या अर्जावर) लपवू नका.

सीपॅप मशीनचे (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) मिळू शकतात, पण आधी मंजुरी घ्या, मग खरेदी करा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.