व्हॅनवर रिकॉल आहे का? पत्राची वाट बघू नका, चेसिस नंबर टाका

आमची व्हॅन गडहिंग्लजच्या एका माणसाकडनं घेतलेली, एमएच ०९ पासिंग. मग एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) आणून बेळगावचं केए २२ करून घेतली आणि खानापूरला भाजी, दूध, लग्नाच्या ऑर्डरची भांडी, जे मिळेल ते भाडं मारायला लागलो. वर्षभर काय त्रास नाही. एकदा ब्रेक लायनर बघायला सर्व्हिस सेंटरला नेली तर काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडं बघत म्हणतो, "मामा, ह्याच्यावर रिकॉल पेंडिंग दाखवतंय की, तुम्हाला माहीत नाही?" कुठलं माहीत असणार. रिकॉल म्हणजे बनवतानाचा दोष निघाला म्हणून कंपनीनंच गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. त्याचं पत्र गेलेलं गडहिंग्लजला जुन्या मालकाच्या पत्त्यावर, मेसेज पण त्याच्याच मोबाईलवर, त्यानं गाडी विकली म्हणून फाडून टाकलं, त्याची तरी काय चूक म्हणा.

आपल्या पट्ट्यात हे कुणाचंही होऊ शकतं, कारण गाडी इकडनं तिकडं लई फिरते. कोल्हापूरची निपाणीत येते, बेळगावची चंदगडला जाते, कोण नंबर बदलतं कोण तसंच चालवतं. पण रिकॉल नंबर प्लेटवर नसतो, चेसिस नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर असतो. प्लेट एमएचची केए झाली, मालक तीन झाले, तरी चेसिस नंबर तोच. म्हणून पहिलं काम, आरसी काढा आणि चेसिस नंबर बघा. नवीन गाड्यांचा १७ अक्षरांचा असतो, सुरुवातीची तीन अक्षरं कंपनीची, म्हणजे मारुतीचा बहुतेक एमए३ नं, टाटाचा एमएटी नं चालू होतो. पासिंगला इन्स्पेक्टर पेन्सिल घासून कागदावर छाप घेतात बघा, तोच नंबर.

मग कंपनीच्या वेबसाईटवर जायचं, मारुती वगैरेंनी रिकॉल तपासायचं पान दिलेलं असतं, तिथं चेसिस नंबर टाकला की लगेच सांगतं. आता इथं एक गंमत. माझ्या मेहुण्यानं त्याच्या गाडीचा नंबर टाकला तर "सापडला नाही". तीनदा टाकला, तीनदा तेच. म्हणाला गाडी चोरीची हाय का काय! मी बघितलं तर हा शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकतोय. १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे गोल दिसलं की शून्य, उभी रेघ दिसली की एक. एवढं लक्षात ठेवलं की निम्मी भानगड मिटते. वेबसाईट जमत नसेल तर कुठल्याही ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर वाचून दाखवा, गाडी जिथनं घेतली तिथंच जायला पाहिजे असं काय नाही, कोल्हापूरची गाडी बेळगावात दाखवता येते.

"पण माझी गाडी मस्त चालते, काय आवाज नाही" असं म्हणणारे लई भेटतात. रिकॉलला आवाज यावा लागत नाही हो. जुलै २०२३ मध्ये मारुतीनं एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या, ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ मध्ये बनलेल्या, कारण स्टिअरिंगचा टाय रॉड क्वचित तुटू शकतो असा संशय. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाक वळवणारा दांडा. तो तुटला तर स्टिअरिंग तुमच्या हातात आणि ते चाक त्याच्या मर्जीनं. आता हे गावातल्या रस्त्यावर झालं तर गटारात जाईल, पण आपल्या गाड्या रात्री तीनला भाजी भरून चोर्ला घाटातनं गोव्याला जातात, तिथं वळणावर झालं तर? फिटरनं हलवून बघितलं आणि "टाईट हाय" म्हणाला म्हणून सोडायची ही गोष्ट नव्हे, धातूच कच्चा असला तर हातानं कसं कळणार.

सगळे रिकॉल एवढे गंभीर नसतात हे पण खरं. २०२० च्या नोव्हेंबरात ४०,४५३ ईको बोलावल्या त्या हेडलॅम्पवर ठराविक चिन्ह नव्हतं म्हणून. महिंद्रानं २०२१ ला २९,८७८ पिकअप बोलावल्या, फ्लुइडचा पाईप नीट बसवला नसल्याच्या संशयानं, ते मात्र लगेच करून घ्यायचं काम. म्हणून "रिकॉल आहे का" एवढ्यावर थांबू नका, कशाचा आहे आणि काम होईपर्यंत गाडी चालवायची की उभी करायची ते स्पष्ट विचारा. ब्रेक, स्टिअरिंग, डिझेल-पेट्रोलची लाईन, आगीचा धोका असं असेल तर माझं मत, दोन दिवसाचं भाडं बुडालं तरी चालेल.

पैसे? एक रुपया नाही. पार्ट पण फुकट, मजुरी पण फुकट, वॉरंटी संपली असली तरी, दुसरा-तिसरा मालक असला तरी. ह्याच्या नावावर कोण "रिकॉल फी" मागत असेल, लिंक पाठवून ओटीपी विचारत असेल तर तो चोर. सर्व्हिस सेंटरवाला "आलाय तर ऑइल पण बदलूया" म्हणेल, ते तुमची इच्छा, पण त्याचं बिल वेगळं करायला लावा.

जाताना बाजाराचा वार सोडून अपॉइंटमेंट घ्या आणि पार्ट आलाय का ते आधी फोनवर विचारा, नाहीतर बैलहोंगलनं गाडी घेऊन जाणार आणि "पार्ट स्टॉकात नाही" ऐकून परत. माल उतरवून रिकामी गाडी न्या. काम झाल्यावर जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरचा कामाचा कागद) रिकॉलचं काम, तारीख, किलोमीटर लिहून घ्या, बिलात शून्य दाखवलेलं असू दे. तोंडी "झालं मामा" चालणार नाही. आणि आरटीओत तपासून पासिंग झालं म्हणजे रिकॉलचं काम झालं असं पण नाही, ती दोन वेगळी कामं.

उलटं पण होतं. गाडीत दोष आहे, ओळखीच्या चार गाड्यांत तोच आहे, आणि कंपनी गप्प. तेव्हा परिवहनच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार टाकता येते. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११० ए आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या की सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण गाडी सात वर्षांच्या आतली पाहिजे. आणि तक्रारींचा आकडा भरावा लागतो, त्यामुळं एकट्यानं न टाकता स्टँडवरच्या ज्यांना तोच त्रास आहे त्या सगळ्यांनी आपापली टाका.

सर्व्हिस सेंटर टाळाटाळ करत असेल तर आधी कंपनीला ईमेल, मग ग्राहक हेल्पलाईन १९१५. तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. इथं लोक घाबरवतात की "तुझी कमर्शियल गाडी, तू ग्राहक नव्हेस". अर्धं खरं आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी घेतली असेल तर बसते. म्हणजे एक व्हॅन, तुम्हीच चालवता, त्यावरच घर चालतं, तर तुम्ही ग्राहक. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर असतील तर ते वेगळं. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यापासून तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, गाडी कोल्हापूरच्या शोरूमची असली तरी बेळगावात. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची, म्हणून तारखा असलेले कागद जपा.

आमचं जॉब कार्ड लॅमिनेट करून इन्शुरन्सच्या कागदासंगट डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय, उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला देता येतंय. आणि त्याच काउंटरवर उभा राहून कंपनीच्या रेकॉर्डला माझा पत्ता आणि मोबाईल नंबर घालून घेतला. पोरगा म्हणाला नंतर करतो, मी म्हटलं आत्ताच कर, नाहीतर पुढचं पत्र परत गडहिंग्लजला जाणार.