मनातली चित्रं आणि उदासी: या चुका टाळा

चिंच नुसती डोळ्यांपुढे आणली तरी तोंडाला पाणी सुटतं. मनातल्या चित्राची ताकद एवढी आहे. 2005 साली एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात त्रासदायक प्रसंग ऐकताना ते डोळ्यांपुढे आणणाऱ्यांची चिंता, फक्त शब्दांचा अर्थ लक्षात घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपण उगाच म्हणत नाही.

पहिली चूक: नको असलेलं चित्र दाबून टाकणं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच आठवत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये दाखवलं. चित्र आलं तर येऊ द्या. "हे चित्र आहे, घडलेली गोष्ट नाही," एवढं स्वतःला सांगा आणि हातातल्या कामाकडे वळा.

दुसरी चूक घरचे करतात, आणि ती मला जास्त सलते. "जरा चांगलं काहीतरी डोळ्यांसमोर आण ना!" डिप्रेशनमध्ये पुढच्या चांगल्या दिवसांची चित्रंच पुसट होतात, दुःखाची मात्र लख्ख राहतात. तो माणूस हट्ट करत नसतो, त्याला खरंच दिसत नसतं. शिवाय सुखाचं चित्र आणून लगेच "आता कुठे राहिलंय तसं" अशी तुलना सुरू झाली, की मन आणखी खाली जातं. म्हणून मोठं सुख मागू नका, पुढच्या अर्ध्या तासातलं काहीतरी घ्या. तेही सिनेमा बघितल्यासारखं स्वतःला लांबून पाहू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा: गॅस पेटवला, आलं किसलं, चहाला उकळी आली, कपाची ऊब तळहाताला लागली. मग उठून तो चहा खरंच करा. दोन-चार दिवस काहीच दिसलं नाही तरी बिघडत नाही. काहींना मुळातच चित्रं दिसत नाहीत, त्यांनी हा मार्ग सोडून द्यावा.

शेवटची चूक सगळ्यात गंभीर. डॉक्टर विचारतात, "मनात कसले विचार येतात?" आणि माणूस "काही नाही" म्हणतो, कारण त्याला विचार येत नसतात, स्वतःच्या मरणाची दृश्यं दिसत असतात. ती दृश्यंही सांगायचीच असतात. कुणाचं ऐकताना "काय दिसतं?" असंही विचारा. अशी चित्रं येत असतील तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतो.