कारखान्यात कामगार टिकत नाहीत? आधी हे बघा

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत जा, छोट्या वर्कशॉपवाल्यांचं रडगाणं एकच, पोरं टिकत नाहीत, बाजूच्याने पाचशे जास्त दिले की पळतात. पाचशेसाठी जाणारे असतात, पण बहुतेक जण आधीच वैतागलेले असतात, पाचशे हे नुसतं निमित्त होतं.

पहिलं काम, पगाराची तारीख पाळा. पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत पगार द्यायचा हा कायदाच आहे, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याचं रूमभाडं, गाडीचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे सगळं त्या तारखेवर बांधलेलं असतं, आणि पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, पेमेंट आलं नाही हे कारण त्याच्या घरमालकाला चालत नाही.

मग ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. समजा महिन्याला 15,600 आहे, 26 दिवसांनी भागलं तर 600 रोज, 8 तासांनी भागलं तर 75 रुपये तास. ओटी दुप्पट म्हणजे 150 ने द्यायचा. चार तास थांबला तर 600 झाले, आणि तुम्ही सिंगल रेटने 300 च टेकवले तर तो तोंडावर काही बोलणार नाही पण मोबाईलवर हिशेब करणारच. दर शनिवारी ओटीचे तास नावासकट बोर्डावर लावा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करा, महिनाअखेरीला ऑफिसबाहेर लाईन लागत नाही.

पीएफ, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा सरकारी विमा) लागू असेल तर भरा आणि भरलेलं दाखवा, यूएएन, म्हणजे त्याचा पीएफचा कायमचा नंबर, चालू करून पासबुक कसं बघायचं ते शिकवा. कापलेले पैसे जमा झालेले दिसले की माणूस निर्धास्त होतो.

सुपरवायझरकडे तर नीट लक्ष द्या. जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, रिजेक्ट झाला की सगळ्यांसमोर आईबहिणीवरून शिव्या देणारा सुपरवायझर कितीही हुशार असला तरी तुमची माणसं तोच घालवतोय. त्याला स्पष्ट सांगा, चूक मशीनपाशी दाखवायची, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला होता का, ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) चुकला का, ड्रॉइंग जुनं होतं का ते आधी बघायचं. बऱ्याच वेळा ऑपरेटरची चूक नसतेच.

सुट्ट्यांचं महिनाभर आधी ठरवा. गणपतीला कोकणातला जाणार, छटला बिहारचा जाणार, दिवाळीला सगळेच जाणार, अडवून कोणी थांबत नाही, उलट न सांगता जातो आणि परत येत नाही. आलटून पालटून यादी करा.

प्यायचं थंड पाणी, स्वच्छ संडास, शेडमध्ये एक्झॉस्ट, हे तर पाहिजेच, त्यावर काय बोलायचं.

हेल्परला मशीन शिकवा आणि शिकला की पगार त्याने मागायच्या आधी वाढवा. आणि तरीही कोणी सोडून गेलाच तर हिशेब दोन दिवसांत चुकता करा, पीएफमध्ये एक्झिट डेट (काम सोडल्याची तारीख) टाका, चहा पाजून पाठवा. असा गेलेला माणूस पुढे गावातला भाऊ, पुतण्या तुमच्याकडेच आणून सोडतो.