मेंदूतली डर्मॉइड गाठ फुटते तेव्हा : या चुका टाळा

सांगलीत सीटी-एमआरआय वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. मेंदूतली डर्मॉइड गाठ, म्हणजे जन्मापासूनची, आत चरबी असलेली गाठ, दुर्मीळच. मेंदूच्या शंभर गाठींत एकही भरत नाही. फुटलेली तर त्याहून विरळ. पण ती समोर येते तेव्हा बहुतेक वेळा एकच चूक होते : चरबीला हवा म्हटलं जातं.

तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार छाटणीच्या दिवसांत बागेतच फिट येऊन पडला. सीटीत मेंदूच्या घड्यांमध्ये काळे ठिपके विखुरलेले. ‘पडला’ एवढं कानावर आलेलं, म्हणून एका सेंटरनं ‘कवटीला चीर असावी, आत हवा’ असा रिपोर्ट दिला. मग दोन दिवस नसलेल्या चिरेचा शोध. माझ्याकडे सीडी आली तेव्हा ठिपक्यावर कर्सर ठेवला. घनतेचा आकडा (एचयू) आला उणे ८०. हवा असती तर तो उणे १०००च्या आसपास गेला असता. ही जन्मापासूनच्या गाठीतून सांडलेली चरबी होती. एमआरआयच्या टी-१ या प्रकारच्या चित्रात तेच ठिपके पांढरे चमकले आणि फॅट सप्रेशन, म्हणजे चरबीची चमक दाबणारं तंत्र, लावताच काळे पडले. मोजायला अर्धा मिनिट लागतो हो! तेवढाही धीर धरला नाही, याची मला अजून चीड येते.

म्हणून आतलं काही काळं दिसलं की मी आधी विंडो (पडद्यावर दिसणाऱ्या करड्या छटांचा पल्ला) रुंद करते, मग सर्वांत मोठ्या ठिपक्यावर एचयू घेते. नवे डॉक्टर व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो टाकून मत विचारतात. फोटोवर एचयू मोजता येत नाही, सीडी पाठवा.

टी-१वर पांढरं म्हणजे रक्तच, असंही धरू नका.

फिट आली की न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत फीतकृमीच्या अळ्या) समजून अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध लिहायची आपल्याकडे फार घाई. आधी स्कॅन नीट वाचा.

सांडलेल्या चरबीनं मेंदूचं आवरण सुजतं. डोकं दुखतं, मान ताठते, कधी ताप येतो, सगळं मेंदूज्वरासारखं. कल्चर (पाठीतल्या पाण्यात जंतू वाढतात का ही तपासणी) येईपर्यंत अँटिबायोटिक थांबवू नका. ते निगेटिव्ह आल्यावर मात्र अँटिबायोटिकं बदलत बसू नका. इथं स्टिरॉइड उपयोगी पडतं.

ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनीला चिकटलेलं गाठीचं कवच ओढून काढायचा हट्ट नको. विखुरलेले थेंबही सगळे निघत नाहीत, वर्षानुवर्षं स्कॅनमध्ये दिसत राहतात. त्यावरून ‘गाठ पुन्हा फुटली’ असं लिहू नका. जुना स्कॅन शेजारी लावा, व्हेंट्रिकल (मेंदूतले पाण्याचे कप्पे) फुगलेत का बघा. त्या बागायतदाराच्या फाइलवर मी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय : ‘थेंब जुनेच आहेत.’